रुग्ण वाढवायचे की दर्जा? मलावीला निघालेल्या सहकाऱ्याला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा होता. विचारणाऱ्या डॉक्टरबाई मराठवाड्यातल्या एका जिल्ह्याच्या एआरटी सेंटरवर (एचआयव्हीवरच्या औषधोपचाराचं सरकारी केंद्र) नऊ वर्षं वैद्यकीय अधिकारी आहेत. आता त्या मलावीच्या दक्षिण भागात एका संस्थेच्या एचआयव्ही कार्यक्रमावर रुजू होणार आहेत. नेमणुकीच्या पत्रात दोन कामं लिहिलेली आहेत: उपचारावरच्या रुग्णांची संख्या वाढवा आणि सेवेचा दर्जा सुधारा. त्या विचारतात, "ही दोन्ही एकाच वेळी होतात का? आणि पहिल्या सहा महिन्यांत हात कुठे घालू?"

मॅडम, मी २००६ ते २०२० या काळात मलावी, झांबिया आणि मोझांबिकमध्ये हेच काम केलं. नंतरही सल्लागार म्हणून जाणं-येणं चालू आहे. त्या जोरावर लिहितो.

दोन्ही एकाच वेळी होतात. मात्र "दर्जा" हा शब्द पत्रात ज्यांनी लिहिला त्यांना नेमकं काय हवंय, ते पोचल्या पोचल्या विचारून घ्या. अनेकदा त्यांच्या डोळ्यांपुढे प्रशिक्षणाचे वर्ग, भिंतीवरचे रंगीत तक्ते आणि टॅबवर चालणारं सॉफ्टवेअर असतं. मी स्वतः एकच गोष्ट बघतो. आज ज्याची तारीख होती आणि जो आला नाही, त्याचं काय झालं हे त्या केंद्राला किती दिवसांत कळतं? ज्या केंद्रात हे आठवड्याभरात कळतं तिथे गोळ्यांचा साठाही सहसा नीट असतो, कार्डंही भरलेली असतात आणि नर्स रुग्णाशी माणसासारखं बोलत असते. जिथे सहा महिन्यांनी कळतं किंवा कधीच कळत नाही, तिथे बाकीचे आकडे कितीही देखणे असले तरी माझा त्यांच्यावर विश्वास बसत नाही.

हे मत कसं बनलं ते सांगायला थोडं मागे जावं लागेल.

२००० सालच्या आसपास तीन औषधांच्या उपचाराचा वर्षाचा खर्च दहा ते पंधरा हजार डॉलर होता. फेब्रुवारी २००१ मध्ये मुंबईच्या सिप्लाने तीच औषधं मेदसाँ साँ फ्रँतिएर (सीमारहित डॉक्टर) या वैद्यकीय मदतसंस्थेला वर्षाला ३५० डॉलरमध्ये द्यायची तयारी दाखवली, आणि खर्चाचा मुद्दा एका रात्रीत दुबळा झाला. तरी दुसरा मुद्दा उरलाच होता. आफ्रिकेत डॉक्टर नाहीत, प्रयोगशाळा नाहीत, लोकांना घड्याळ बघून गोळ्या घ्यायची सवय नाही, तेव्हा औषधं वाटून विषाणूचा औषधांना प्रतिरोध तेवढा वाढेल, असं शहाणी माणसं उघडपणे म्हणत होती. अमेरिकेच्या सरकारी मदतसंस्थेच्या, यूएसएडच्या, प्रमुखांनी त्याच वर्षी अशाच अर्थाचं विधान केलं होतं. पुढे २००२ मध्ये एड्स, क्षय आणि मलेरियासाठी पैसा देणारा ग्लोबल फंड आला, २००३ मध्ये अमेरिकेचा पेपफार हा एड्स-मदतीचा कार्यक्रम आला, आणि जागतिक आरोग्य संघटनेने २००५ संपेपर्यंत ३० लाख लोकांना उपचार द्यायचं लक्ष्य जाहीर केलं. ते वेळेत गाठता आलं नाही. जेमतेम १३ लाखांपर्यंत मजल गेली आणि ३० लाखांचा आकडा २००७ मध्ये ओलांडला गेला. पण गाडी सुरू झाली होती.

मलावीने २००४ मध्ये सरकारी दवाखान्यांतून मोफत एआरटी सुरू केली तेव्हा तिथे एक लाख लोकांमागे साधारण दोन डॉक्टर होते. आपल्या पद्धतीने, म्हणजे प्रत्येक रुग्ण एमडीला दाखवून, सीडी-फोर (रक्तातल्या प्रतिकारशक्तीच्या पेशींची मोजणी) तपासून, वेळोवेळी रक्त घेऊन काम करायचं ठरवलं असतं तर निम्मे रुग्ण रांगेतच गेले असते. मलावीच्या आरोग्य खात्याने त्याऐवजी आपल्याच क्षयरोग कार्यक्रमाकडे पाहिलं. तुम्हाला डॉट्सची, म्हणजे क्षयाच्या ठरावीक, देखरेखीखालच्या उपचारांची सवय आहे, त्यामुळे हे लगेच लक्षात येईल. सगळ्यांना पहिल्या फळीचं, म्हणजे सुरुवातीला द्यायचं, एकच औषध, तेही तीन औषधं एका गोळीत. सीडी-फोर यंत्र नसेल तर लक्षणांवरून टप्पा ठरवायचा. डॉक्टरऐवजी क्लिनिकल ऑफिसर (डॉक्टर नसलेला, पण रुग्ण तपासायचं प्रशिक्षण घेतलेला) आणि नर्स. प्रत्येक रुग्णाचं एक मास्टर कार्ड, प्रत्येक केंद्राचं एक रजिस्टर. तिमाहीला जेवढे नवे रुग्ण आले त्यांचा एक गट धरायचा आणि पुढे त्या गटाचं काय झालं ते सांगायचं: जिवंत आणि उपचारावर, मृत्यू, उपचार सोडले, संपर्क तुटला, दुसऱ्या केंद्रात गेला. कोणत्या केंद्राने महिन्याला किती नवे रुग्ण घ्यायचे याचीही मर्यादा आखून दिलेली होती. लोकांना ती जाचक वाटायची. गोळ्या देशात किती आहेत ते ठाऊक असलेल्या माणसाने ती आखली होती.

या सगळ्यात मला सर्वांत मोलाची वाटली ती तिमाही भेट. दर तीन महिन्यांनी राष्ट्रीय पथक प्रत्येक केंद्रावर जायचं. अहवाल मागवून घ्यायचा नाही, तिथे बसून कार्डं उघडायची आणि आकडे स्वतः काढायचे. मग फार्मसीत जाऊन डबे मोजायचे. कार्डांवर जिवंत दिसणारे रुग्ण आणि कपाटातून गेलेल्या गोळ्या यांचा मेळ बसायलाच हवा. नाही बसला तर तिथल्या तिथे, दोष न देता, एकत्र बसून शोधायचं. पुढच्या तिमाहीची औषधमागणी याच मोजणीवरून निघायची. माहिती गोळा करणारी माणसं आणि औषध मागवणारी माणसं एकच होती, म्हणून खोटा आकडा देण्यात कुणाचाच फायदा नव्हता. रुग्ण फुगवून सांगितले तर डबे उरणार, कमी सांगितले तर डबे संपणार. आपल्याकडे, आणि पुढे बऱ्याच देणगीदारांच्या प्रकल्पांमध्येही, अहवाल एका दिशेला जातो आणि मागणीपत्रक दुसऱ्या. नोंदीवर कुणाचं पोट अवलंबून नसेल तर नोंद सैल होते, हे तुम्ही नऊ वर्षांत पुष्कळ पाहिलं असेल.

काम चांगलं असेल त्या केंद्राला पथक एक प्रशस्तिपत्र द्यायचं. साधा कागदच. एका आरोग्य केंद्रात मी असे अकरा कागद ओळीने लावलेले पाहिले. पालींची विष्ठा पडू नये म्हणून त्यावर प्लॅस्टिक ताणलेलं होतं. तिथल्या नर्सला वर्षातून दोनदा शहरात नेऊन हॉटेलात कार्यशाळा घेण्यापेक्षा या कागदाने जास्त काम केलं, असं माझं प्रामाणिक मत आहे. कार्यशाळांचा भत्ता हा तिथल्या आरोग्यसेवेला लागलेला वेगळाच आजार आहे. एका जिल्ह्यात एका महिन्यात चार संस्थांनी चार प्रशिक्षणं ठेवली होती, आणि त्या महिन्यात एआरटीच्या दिवशी सफाई कामगार गोळ्या मोजून देत होता. तुम्ही प्रशिक्षण ठेवाल तर केंद्रातच ठेवा, रुग्ण संपल्यावर, आणि दीड तासाच्या वर नको.

साधेपणाची किंमतही होती, ती लपवू नये. त्या पहिल्या गोळीत स्टॅव्ह्युडिन होतं. वर्ष-दोन वर्षांत पायांची आग व्हायची, गाल बसायचे, हातापायांची चरबी झडायची. गावात एकदा तो चेहरा ओळखीचा झाला की वेगळं सांगायची गरज उरायची नाही. बायका कपाळापर्यंत चितेंजे (अंगाभोवती गुंडाळायचं कापड) ओढून रांगेत बसायच्या. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये हे औषध टप्प्याटप्प्याने बंद करायला सांगितलं, तरी प्रत्यक्षात कपाटं बदलायला आणखी काही वर्षं गेली. त्या गोळीने माणसं जगली हे खरंच, आणि ती देण्याचा निर्णय आजही मला बरोबर वाटतो. पण "पाय दुखतात" असं रुग्ण सांगत असताना कार्डावर "दुष्परिणाम: नाही" अशी खूण मी स्वतः हजारदा पाहिली आहे. दुसरं औषधच हाताशी नसेल तर तक्रार लिहून घ्यायचा उत्साह राहत नाही. आता टेनोफोव्हिर, लॅमिव्ह्युडिन आणि डोल्युटेग्रॅव्हिर एकत्र असलेली टीएलडी आहे. २०१७ मध्ये ती वर्षाला सुमारे ७५ डॉलरला जाहीर झाली, आणि पूर्वीच्या तुलनेत तिचा त्रास फारच कमी आहे. तुम्हाला हे दुखणं वारशात मिळणार नाही, पण खूण करायची सवय मात्र मिळेल.

आता तुमच्या प्रश्नाच्या गाभ्याशी येतो. संख्या आणि दर्जा समोरासमोर कसे येतात याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण मलावीतलंच आहे.

२०११ मध्ये मलावीने असं ठरवलं की गरोदर आणि स्तनपान करणारी प्रत्येक एचआयव्हीबाधित स्त्री सीडी-फोर न पाहता आयुष्यभराचे उपचार सुरू करेल. खेड्यातल्या प्रसूतिपूर्व तपासणीत सीडी-फोर होतच नव्हतं. नमुना शहरात जायचा, अहवाल यायचा तोवर बाळ जन्मलेलं असायचं. याला ऑप्शन बी प्लस म्हणतात, आणि असं करणारा मलावी पहिला देश. सव्वा वर्षात तिमाहीला उपचार सुरू करणाऱ्या अशा स्त्रियांची संख्या १,२५७ वरून १०,६६३ वर गेली. विस्तार म्हणाल तर यापेक्षा मोठा विस्तार मी पाहिलेला नाही.

मग सहा महिन्यांनी गट मोजले तेव्हा दिसलं की यातल्या साधारण १७ टक्के स्त्रियांचा संपर्क तुटला होता. स्वतःच्या आजारपणामुळे उपचार सुरू केलेल्या स्त्रियांच्या तुलनेत, गरोदरपणात उपचार सुरू केलेल्या स्त्रिया पहिल्या भेटीनंतर परतच न येण्याची शक्यता पाचपट होती. म्हणजे गोळ्यांचा पहिला डबा घेतला आणि गेल्या.

यावर दोन प्रकारची माणसं दोन गोष्टी म्हणायला लागली. काही म्हणाले, बघा, घाई केली की असं होतं, आधी तीन समुपदेशनं करायला हवी होती. काही म्हणाले, ८३ टक्के राहिल्या ना, पुढे चला. मी त्या काळात एका जिल्ह्यात होतो आणि आम्ही अशा स्त्रियांच्या घरी जायला लागलो. पहिल्या दिवशी त्या बाईबरोबर काय होतं ते ऐका. ती पोटातलं बाळ दाखवायला सकाळी आलेली असते. दहा वाजता तिला कळतं की तिला एचआयव्ही आहे. साडेदहाला सांगतात की जन्मभर गोळी घ्यायची. अकराला डबा हातात. तिला काहीही होत नसतं, ताप नाही, खोकला नाही, वजन उलट वाढतंय. आणि घरी नवऱ्याला काय सांगायचं हे कुणी बोललेलं नसतं. त्यातल्या एकीने डबा वाटेवरच्या मक्याच्या शेतात फेकला होता, आणि का फेकला ते तिने इतक्या सरळपणे सांगितलं की आमच्याकडे उत्तर नव्हतं: डबा खुळखुळ वाजतो.

ही साधी गोष्ट. गोळ्यांच्या डब्याचा आवाज. आम्ही डब्यात कापसाचा बोळा घालून द्यायला लागलो. पण खरा फरक पडला तो पहिल्या दिवसानंतरच्या आठवड्यात. स्वतः ते सगळं भोगलेली, आता मूल निरोगी असलेली एखादी बाई पहिल्याच दिवशी तिच्याशेजारी बसायची आणि आठवड्याभरात परत भेटायची. घरी कसं सांगावं हे ती बोलायची, विषाणू कसा वाढतो ते नाही. उपचार त्याच दिवशी सुरू करणं बरोबरच होतं. त्यामागे दुसऱ्या भेटीची तयारी नव्हती, चूक तिथे होती. विस्ताराने दर्जा बिघडवला असं म्हणण्यापेक्षा, विस्ताराने कुठे काय कमी आहे ते मोठ्या अक्षरांत दाखवलं असं मी म्हणेन. आणि तेही कधी दिसलं? तिमाही गट मोजायची सवय आधीपासून होती म्हणून.

हरवलेल्यांबद्दल आणखी थोडं. "एलएफयू", म्हणजे संपर्क तुटला, हा शिक्का मारला की केंद्राचं काम संपतं, असं आपल्याकडेही होतं. सुरुवातीच्या वर्षांत आफ्रिकेतल्या कार्यक्रमांनी अशा लोकांचा माग काढला तेव्हा सापडलेल्यांपैकी चाळीस टक्क्यांच्या आसपास माणसं मेलेली निघाली. पुढे कार्यक्रम जुने झाले, केंद्रं वाढली, तसं हे चित्र बदललं. आता हरवलेल्यांपैकी पुष्कळ जण न सांगता दुसऱ्या केंद्रात गेलेले असतात. दक्षिण मलावीत तर सीमेपलीकडून मोझांबिकची माणसं येतात, मलावीचे पुरुष जोहान्सबर्गला जातात, आणि ऊस-चहाच्या मळ्यांवरचे मजूर हंगामाबरोबर हलतात. त्यामुळे एकाच शिक्क्याखाली तीन वेगळ्या गोष्टी असतात. मृत्यू, स्थलांतर आणि खरोखर सोडलेले उपचार. पहिल्याचा अर्थ आपण उशिरा पकडलं. दुसऱ्याचा अर्थ आपली बदलीची पद्धत किचकट आहे. तिसऱ्याचा अर्थ आपली सेवा त्याच्या आयुष्यात बसत नाही. उपाय तिन्हींचे वेगळे.

माग काढायला जाताना संस्थेची पांढरी गाडी नेऊ नका. दारावर मोठं बोधचिन्ह असलेली जीप एखाद्या झोपडीपुढे थांबली की गावभर निकाल लागतो. सायकल न्या, आणि त्या गावचा माणूस न्या. तो कुणाच्याही घरी जाऊ शकतो.

लोक का येत नाहीत हे विचारलंत तर नव्वद टक्के वेळा उत्तर आजाराबद्दल नसतं. मातोला, म्हणजे पिकअपच्या मागे उभं राहून जायचं, त्याचं भाडं. चहाच्या मळ्यात एक खाडा म्हणजे एका दिवसाची मजुरी गेली. जानेवारी ते मार्च घरातला मका संपलेला असतो, माणूस दुसऱ्याच्या शेतावर राबायला गेलेला असतो, आणि त्याच काळात आपला गैरहजेरीचा आलेख वर जातो. मी पहिली दोन वर्षं त्या आलेखाला समुपदेशनाचं अपयश समजत होतो. एका म्हाताऱ्या क्लार्कने मला पिकांचं वेळापत्रक काढून दिलं.

याचं उत्तर मोझांबिकच्या तेते प्रांतात २००८ मध्ये लोकांनीच काढलं, मेदसाँ साँ फ्रँतिएरच्या मदतीने. सहा जणांपर्यंतचा एक गट. दर महिन्याला एकाने केंद्रावर जायचं, स्वतःची तपासणी करून घ्यायची आणि सगळ्यांच्या गोळ्या आणायच्या. पुढच्या महिन्यात दुसरा. आपल्याकडच्या भिशीसारखं, फक्त पैशाऐवजी गोळ्यांची पाळी. पहिल्या सव्वादोन वर्षांत २९१ गटांत १,३८४ माणसं सामील झाली, आणि ९७ टक्क्यांहून जास्त उपचारांवर टिकली. या आकड्याने हुरळू नका. गटात मुळात तब्येत स्थिरावलेली, एकमेकांवर विश्वास असलेली माणसं घेतली होती. तरी त्यामागची युक्ती पक्की आहे. केपटाऊनजवळच्या खायेलित्शामध्ये २००७ पासून चाललेले क्लब त्याच धाटणीचे आहेत: पंचवीस-तीस जण, दर दोन महिन्यांनी भेट, चालवणारा साधा प्रशिक्षित कार्यकर्ता, तासाभरात सगळे मोकळे. तीन किंवा सहा महिन्यांच्या गोळ्या एकदम देणं ही त्याची सर्वांत सोपी आवृत्ती.

इथे एक हिशेब बघा. केंद्रात रोज १२० माणसं येत असतील आणि त्यातली ९० फक्त डबा न्यायला येत असतील, तर नर्सचा दिवस डब्यांतच जातो. त्या नव्वदांना सहा महिन्यांनी बोलावलं की उरलेल्या तिसांसाठी प्रत्येकी पंधरा मिनिटं निघतात. संख्या वाढूनही दर्जा वाढतो तो असा. फक्त एक पथ्य: सहा महिन्यांच्या गोळ्या द्यायच्या तर कपाटात तेवढा साठा हवा. साठा कमी असताना कुणीतरी वरून हुकूम काढतं, "सगळ्यांना दोन-दोन आठवड्यांचं द्या." मग तेच रुग्ण महिन्यातून दोनदा येतात, रांग दुप्पट होते, आणि तुटवड्याचा सगळा खर्च रुग्णाच्या खिशातून जातो. असा हुकूम आला तर भांडा. नव्याने बदलून आलेल्याचं पहिलं भांडण याच कारणासाठी झालेलं बरं.

वाचलेली पंधरा मिनिटं कुणाला द्यायची? जे फार उशिरा येतात त्यांना. हा भाग सगळ्यांत दुर्लक्षित आहे. २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने प्रत्येकाला लगेच उपचार द्यायला सांगितलं, मलावीने २०१६ मध्ये ते स्वीकारलं, आणि तेव्हापासून बऱ्याच केंद्रांत सीडी-फोर यंत्रं धूळ खात पडली. "आता गरज काय?" गरज आहे. सीडी-फोर २०० च्या खाली असलेला माणूस टीएलडी घेऊनही पहिल्या काही महिन्यांत मरू शकतो, क्षयाने किंवा क्रिप्टोकोकल (बुरशीमुळे होणाऱ्या) मेंदूज्वराने. आणि यात आता उपचार सोडून परत आलेलेही खूप असतात. त्यामुळे नवा रुग्ण आणि परतलेला रुग्ण, दोघांचं सीडी-फोर करा. कमी निघालं तर लघवीची क्षयासाठीची लॅम चाचणी आणि रक्ताची क्रिप्टोकोकल अँटिजेन चाचणी. दोन्ही पट्टीवरच्या, त्याच दिवशी निकाल देणाऱ्या. मेंदूज्वराला पूर्वी अँफोटेरिसिन या बुरशीविरोधी औषधाच्या रोजच्या बाटल्या आणि मूत्रपिंडाची धास्ती असायची. बोत्स्वाना, मलावी, दक्षिण आफ्रिका, युगांडा आणि झिम्बाब्वेमध्ये झालेल्या अँबिशन चाचणीने २०२२ मध्ये दाखवलं की लायपोसोमल अँफोटेरिसिनचा एकच मोठा डोस, सोबत चौदा दिवस फ्लुसायटोसिन आणि फ्लुकोनाझोल, पुरतो. आपल्याला यात नवल वाटू नये, बिहारमध्ये काळ्या आजाराला हाच एका डोसचा उपचार आहे.

व्हायरल लोडबद्दल, म्हणजे रक्तात विषाणू किती आहे त्या तपासणीबद्दल, एकच गोष्ट सांगतो. एका केंद्रात मला ९० टक्के रुग्णांचा व्हायरल लोड झाल्याचा तक्ता अभिमानाने दाखवला. मी म्हटलं, हजाराच्या वर निघालेले कोण आहेत? कपाटाखालचं खोकं निघालं. त्यात चारशेच्या वर अहवाल होते, काही चौदा महिन्यांपूर्वीचे, एकही कार्डाला लावलेला नव्हता. नमुने पाठवण्याचं टार्गेट होतं, अहवाल वाचण्याचं नव्हतं. तुम्ही दुसरं टार्गेट लावून घ्या: जास्त निघालेला अहवाल आल्यापासून रुग्ण समोर बसेपर्यंत किती दिवस. टीएलडीच्या काळात जास्त व्हायरल लोडचं कारण बहुधा प्रतिरोध नसतो, गोळ्या पोटात जात नसतात. म्हणून लगेच दुसऱ्या फळीकडे धावू नका, आधी घरची गोष्ट ऐका.

मुलं आणि पौगंडावस्थेतली पोरं हे तिथलं सगळ्यांत दुबळं अंग. लहानांसाठी आता विरघळणारी, स्ट्रॉबेरीच्या चवीची डोल्युटेग्रॅव्हिर गोळी आहे, २०२० मध्ये वर्षाला ३६ डॉलरच्या आसपास जाहीर झालेली. ती बनवणाऱ्या पहिल्या दोन कंपन्यांत मुंबईची मॅक्लिऑड्स होती. औषधाचा प्रश्न त्यामुळे बराच सुटला. पंधरा-सोळा वर्षांच्या पोराचा प्रश्न औषधाचा नसतोच. झिम्बाब्वेत झ्वांदिरी नावाचा कार्यक्रम आहे. शोना भाषेत त्याचा अर्थ "मी जशी आहे तशी". त्यात एचआयव्हीसह वाढलेली अठरा-वीस वर्षांची मुलंमुली आपल्याहून लहानांना घरी जाऊन भेटतात. त्याची नक्कल करायला लाजू नका. पुरुषांबद्दल फार लिहीत नाही, तुम्हालाही ठाऊक आहे. ते उशिरा येतात. आठवड्यातला एक दिवस पहाटे सहाला केंद्र उघडून बघा.

आता अवघड विषय. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी मदत थांबवली, पुढे जीवरक्षक सेवांना सूट दिली, आणि जुलैमध्ये यूएसएड बंदच झालं. बहुतेक ठिकाणी गोळ्या लगेच संपल्या नाहीत. गेली ती माणसं: डेटा क्लार्क, समुपदेशक, माग काढणारे, पहिल्या दिवशी शेजारी बसणाऱ्या त्या बायका. मी वर ज्याला दर्जा म्हटलं ते जवळजवळ सगळं संस्थांच्या पगारपत्रकावर होतं. सरकारी नर्स जागेवर होती, तिच्या हाताखालचं सगळं एका पत्राने गेलं. यात आम्हा जुन्या लोकांचाही दोष आहे. आम्ही वेगळी इमारत बांधली, वेगळं रजिस्टर केलं, वरून पगार दिला, आणि शेजारच्या बाळंतपणाच्या खोलीत हातमोजे नाहीत याकडे बघितलं नाही. त्यामुळे रुजू झाल्यावर प्रत्येक कामापुढे एक नाव आणि त्या नावापुढे पगार कोण देतं ते लिहा. जे काम फक्त तुमच्या संस्थेच्या पैशावर उभं आहे ते पुढच्या वर्षी कोण करणार, हे जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याबरोबर पहिल्याच तिमाहीत बोला. नव्या गोष्टी उभारताना हात थोडा आखडता घ्या.

पहिल्या सहा महिन्यांचं विचारलंत. पहिला महिना काहीही बदलू नका. पहाटे साडेपाचला केंद्राच्या बाकावर जाऊन बसा आणि एका रुग्णाबरोबर त्याचा सगळा दिवस काढा, निघेपर्यंत. मग तीन केंद्रं निवडा, एक चांगलं, एक मध्यम आणि एक सगळे ज्याबद्दल नाक मुरडतात ते. प्रत्येकातली पन्नास कार्डं स्वतः उघडा, सोबत तिथला क्लार्क असू द्या. तिमाही गट हाताने काढा, गोळ्या मोजा. हे आटोपेपर्यंत दोन महिने जातील आणि मुख्यालयातून विचारणा सुरू होईल. होऊ द्या. तिसऱ्या महिन्यापासून दर शुक्रवारी न आलेल्यांची यादी, सोमवारी फोन, बुधवारी सायकल. एवढी एकच गोष्ट तिन्ही केंद्रांत बसवा. ती बसली की सहा महिन्यांच्या गोळ्या, त्यानंतर उशिरा आलेल्यांच्या चाचण्या. एका वेळी एक. एकदम पाच सुधारणा सुरू केल्या की सहाव्या महिन्यात पाचांच्याही फक्त फाइली उरतात.

आणखी एक लक्षात ठेवा. मलावीत रुग्णाच्या नोंदी त्याच्याकडच्या वहीत असतात, तिला हेल्थ पासपोर्ट म्हणतात, आपल्या एआरटी सेंटरवर रुग्णाला देतात त्या हिरव्या पुस्तकासारखी. ती भिजते, फाटते, नवऱ्याच्या हाती पडू नये म्हणून जाळलीही जाते. मार्च २०२३ च्या फ्रेडी वादळानंतर दक्षिणेत शेकडो माणसं वहीशिवाय आली आणि काही ठिकाणी "आधी वही आणा" असं ऐकून परत गेली. वही नसेल तरी आधी गोळ्या, मग चौकशी, एवढं आपल्या केंद्रांत लिहून ठेवा.

तुम्ही शेवटी भाषेचं विचारलं होतं. तिथली चिचेवा भाषा शिका, इंग्रजीवर भागेल पण अर्धंच कळेल. "कसे आहात"ला तिथे "मुली ब्वांजी" म्हणतात. पहिल्या आठवड्यात मला वाटायचं मुलींबद्दल काही विचारतायत. सहा महिने गायब राहून परत आलेला रुग्ण खिडकीशी उभा राहिला की तिथली पहिली ओळ बहुतेक ठिकाणी "इतके दिवस कुठे होतास?" अशी असते, चढ्या आवाजात, सगळ्यांसमोर. ज्या केंद्रात ती ओळ "मुली ब्वांजी" होती तिथली नर्स मला म्हणाली होती, "डॉक्टर, तो आज आलाय. ओरडून मी त्याला उद्याचं कारण कशाला देऊ?"